सालीचे सोने आणि फवारणीचा अंश



दोडक्याच्या शिरांची चटणी ज्या घरात कधी झाली नाही असे मराठी घर विरळाच. भाजीसाठी दोडका चिरण्यापूर्वी त्याच्या धारदार शिरा तासून घ्याव्यात, थोड्या तेलावर कुरकुरीत होईतो परताव्यात आणि तीळ, सुके खोबरे, मिरची व मीठ यांच्याबरोबर कुटून काढाव्यात, की ताटाची डावी बाजू सजलीच. बेंगळुरूस येऊन स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींना येथेही ही चटणी परकी वाटत नाही. कारण आमच्या कानडी शेजारणी ‘हीरेकायी सिप्पे चटणी’ या नावाने तिच्या सख्ख्या बहिणीलाच घरोघर नांदवीत असतात. दुधीची साल, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे देठ, कलिंगडाचा पांढरा गर, कोथिंबिरीच्या काड्या यांतले काहीही वाया घालवू नये, ही शिकवण दोन्ही भाषांतल्या आज्यांनी आपल्या नातींना सारखीच दिली आहे.

ह्या जुन्या काटकसरीला अलीकडे शास्त्राची साक्ष मिळाली आहे. कांद्याच्या बाहेरच्या सालींत क्वेर्सेटिन नावाचे द्रव्य आतल्या पाकळ्यांपेक्षा अधिक असते. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपिन त्याच्या सालीत दाटून असते. गाजराचा रस काढल्यावर उरणारा चोथा तंतुमय पदार्थाने भरलेला असतो. पोट भरण्यापलीकडे शरीरास काही विशेष लाभ व्हावा म्हणून अन्नात मिसळावयाचे जे घटक असतात, त्यांचा शोध घेणारे संशोधक व कारखानदार म्हणूनच आज टाकाऊ समजल्या जाणाऱ्या साली, देठ, बिया आणि चोथा यांच्याकडे वळले आहेत. साली वाळवाव्यात, दळाव्यात आणि बिस्किटांत, शेवयांत, पिठांत किंवा नुसत्या चमच्याने घ्यावयाच्या पुडीत घालाव्यात, असा हा क्रम आहे.

आपल्या देशाला ही कल्पना नवी नाही. येथून जवळच असलेल्या म्हैसूरमध्ये १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. तेलाच्या घाण्यातून उरणारी भुईमुगाची पेंड ही तोवर मुख्यतः जनावरांच्या गव्हाणीत किंवा शेताच्या खतात जात असे. त्या संस्थेने पेंडीचे पीठ व भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ एकत्र करून, त्यात जीवनसत्त्वे व खनिजे घालून, गरिबांच्या मुलांसाठी एक सकस अन्न तयार केले. टाकाऊ वस्तूला मानाने पानात बसविण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता.

एवढे सारे अनुकूल असताना ह्या महिन्यात मी आपणांपुढे सालींविषयी सावधगिरीचा विषय घेऊन का आले आहे, त्याचे कारण सांगते.

आमच्या वसाहतीतील आठ-दहा मराठी गृहिणींनी मिळून एक बचतगट चालविला आहे. त्यांतील आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी एके दिवशी संध्याकाळी हातात एक कागद घेऊन आल्या. गटाने दोन खानावळींतून रोज निघणाऱ्या दोडक्याच्या, दुधीच्या आणि गाजराच्या साली गोळा केल्या होत्या. सुमारे सत्तर किलो ओली साल गच्चीवर वाळवून सात किलो पूड तयार झाली होती. ती पूड पाकिटांत भरून ‘आरोग्यदायी सालपूड’ म्हणून विकावयाची होती. पाकिटावरील मजकूर कोणीतरी इंग्रजीत लिहून दिला होता आणि मी भाषांतराचे काम करते म्हणून त्याचे मराठी रूप करून देण्याची विनंती माझ्याकडे आली होती. त्या मजकुरात एक वाक्य होते: ‘ही पूड कीडनाशकमुक्त आहे.’

“वहिनी, हे कशावरून?” मी विचारले.

“अहो ताई, साली आम्ही तीन-तीन पाण्यांनी धुतल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “शिवाय कडक उन्हात वाळवल्या. आता त्यात काय राहणार?”

त्यांचा प्रामाणिकपणा त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण माझी लेखणी ‘मुक्त’ ह्या शब्दापाशी अडली. ते पाकीट विकत घेणारी एखादी आई आपल्या लेकराच्या दुधात ती पूड रोज चमचाभर घालणार होती आणि माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवून घालणार होती. मी कागद दोन आठवडे ठेवून घेतला व ह्या प्रश्नाचा जमेल तेवढा अभ्यास केला. त्या अभ्यासाचे सार पुढे देत आहे.

फवारणी कोठे बसते?

पिकावर मारलेले औषध फळात कोठे राहते, हे त्याच्या जातीवर अवलंबून असते. काही औषधे स्पर्शजन्य असतात. ती पानाफळांच्या पृष्ठभागावर बसतात आणि तेथे आलेल्या किडीला मारतात. काही औषधे आंतरप्रवाही असतात. ती मुळांतून किंवा पानांतून रोपाच्या रसात शिरतात व रसाबरोबर त्याच्या अंगभर फिरतात. इमिडाक्लोप्रिड किंवा डायमेथोएट ही ह्या दुसऱ्या जातीची उदाहरणे होत.

पहिल्या जातीचे औषध पृष्ठभागावर असले तरी ते धुळीसारखे नुसते पडून राहते असे समजू नये. फळाच्या सालीवर निसर्गाने एक मेणचट थर दिलेला असतो. पाणी फळातून उडून जाऊ नये म्हणून ही तजवीज आहे. अनेक कीडनाशके पाण्यापेक्षा तेलात व मेणात सहज विरघळतात. म्हणून ती त्या थरात मुरतात आणि तेथेच राहतात. ज्या सालीत लायकोपिन आणि क्वेर्सेटिन आहे, तीच साल फवारणीचा पहिला मारा झेलते. आपण साल काढून गर खातो तेव्हा फवारणीचा बराच अंश सालीबरोबर टाकून देतो. गर टाकून साल ठेवतो तेव्हा तो अंश जतन करतो.

धान्याच्या बाबतीत हेच दिसते. साठवणीतील गव्हावर मॅलॅथिऑनसारखे औषध मारले, तर त्याचा अंश मैद्यापेक्षा कोंड्यात अधिक सापडतो. फळांचा रस गाळला की तेलकट प्रकृतीची औषधे रसात थोडी येतात आणि चोथ्यात पुष्कळ राहतात. उपपदार्थाचा गुण आणि उपपदार्थाचा दोष हे असे एकाच जागी वस्तीला असतात.

तीन पाण्यांनी काय होते?

आता वहिनींच्या तीन पाण्यांकडे वळू. अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नळाच्या वाहत्या पाण्याखाली भाज्या-फळे धुऊन पाहिली. तपासलेल्या १२ कीडनाशकांपैकी ९ औषधांचा अंश धुण्याने कमी झाला. उरलेल्या तिघांवर पाण्याचा लक्षात घेण्याजोगा परिणाम झाला नाही. विशेष हे, की कोणते औषध पाण्यात अधिक विरघळते यावरून ते अधिक निघते असे दिसले नाही. याचा अर्थ वाहते पाणी औषध विरघळवून नेण्यापेक्षा त्याला ढकलून व घासून नेते. म्हणून पातेल्यात बुडवून ठेवण्यापेक्षा नळाखाली हाताने चोळून धुणे अधिक उपयोगाचे.

खाण्याच्या सोड्याचीही परीक्षा झाली आहे. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदांवर दोन औषधे लावली आणि ती लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा या प्रमाणाच्या द्रावणात ठेवली. बारा ते पंधरा मिनिटांत थायबेंडाझोल या औषधाचा ८० टक्के आणि फॉस्मेटचा ९६ टक्के अंश निघून गेला. हे आकडे उत्साह देणारे आहेत. परंतु त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थायबेंडाझोल सालीत ८० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे बाराव्या हिश्शाएवढे, आणि फॉस्मेट २० मायक्रोमीटरपर्यंत आत शिरले होते. तेथवर सोड्याचे पाणी पोहोचले नाही. शिवाय सफरचंद गुळगुळीत असते, दोडका खोबणींचा असतो. एकाचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

आंतरप्रवाही औषधाची गोष्ट तर आणखी निराळी. महाराष्ट्रातील द्राक्ष बागाईतदारांना तिचा अनुभव २०१० साली आला. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरल्या गेलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश भारतातून गेलेल्या द्राक्षांत युरोपात सापडला आणि निर्यातीला मोठा तडाखा बसला. हे द्रव्य वेलीच्या अंगात भिनलेले होते. द्राक्षे कितीही पाण्यांनी धुतली असती, तरी ते निघाले नसते. त्या घटनेनंतर उपाय झाला तो धुण्याच्या हौदात झाला नाही. कोणते द्रव्य बागेत केव्हा वापरावयाचे, यावर नजर ठेवण्यात झाला.

ऊन काय करते?

वहिनींचा दुसरा आधार कडक ऊन हा होता. उन्हाने काही औषधांचे विघटन होते हे खरे. पण वाळवण्याने दुसरी एक गोष्ट घडते आणि ती गृहिणीला त्रैराशिकाने समजण्यासारखी आहे. सत्तर किलो सालीची सात किलो पूड झाली, याचा अर्थ त्रेसष्ट किलो पाणी उडून गेले. पाण्याबरोबर जी औषधे उडत नाहीत आणि उन्हाने मोडत नाहीत, ती सारी सात किलोंत उरतात. ओल्या सालीत त्यांचे जे प्रमाण होते, ते पुडीत जवळजवळ दसपट होते. दहा ग्रॅम पुडीचा एक चमचा म्हणजे शंभर ग्रॅम ओली साल. ताटात वाढलेली चटणी आपण बोटभर खातो. शंभर ग्रॅम साल रोज कोणी चघळीत बसत नाही. पुडीच्या रूपाने मात्र ती दुधाच्या पेल्यातून सहज पोटात जाते, आणि जिच्या पोटात जाते ती व्यक्ती कदाचित दहा किलो वजनाचे मूल असते.

युरोपीय संघाच्या २००५ सालच्या नियमांनी हे त्रैराशिक कायद्यात आणले आहे. वाळवलेल्या किंवा प्रक्रिया केलेल्या पदार्थाची परीक्षा करताना प्रक्रियेमुळे अंश किती दाटला किंवा विरळ झाला, हे तेथे हिशेबात घ्यावे लागते. ज्या औषधासाठी खास मर्यादा ठरविलेली नाही, त्यासाठी सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. आपल्या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही मर्यादा न ठरलेल्या औषधांसाठी सामान्यतः हाच आकडा स्वीकारला आहे. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम. इतक्या सूक्ष्म प्रमाणाशी जेथे गाठ आहे, तेथे नजरेचा, नाकाचा किंवा जिभेचा काही उपयोग नाही.

कारखाने काय करतात?

मोठ्या प्रमाणावर हे घटक तयार करणाऱ्यांकडे आपल्यापेक्षा अधिक साधने असतात. सालीतील द्रव्य अर्करूपाने काढले, तर तो अर्क सक्रिय कोळशातून किंवा खास रेझिनच्या स्तंभातून गाळता येतो. हवे ते द्रव्य एकीकडे आणि औषधाचा अंश दुसरीकडे करण्याचा हा मार्ग आहे. मोठ्या दाबाखाली ठेवलेला कार्बन डायॉक्साइड वायू द्रवासारखा वागू लागतो व तेलकट औषधे पोखरून नेतो; जिनसेंगच्या मुळ्या अशा रीतीने स्वच्छ केल्या गेल्या आहेत. ताज्या सालीला उकळत्या पाण्याचा चटका देऊन ते पाणी फेकून देणे हा त्याहून साधा उपाय होय. लोणच्यासारख्या आंबवणीतील काही जिवाणूही विशिष्ट औषधे मोडून खातात. कोरियातील किमचीवरच्या प्रयोगांत क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत हे दिसून आले आहे.

परंतु प्रत्येक उपायाला आपली अडचण आहे. कोळसा औषधाबरोबर हवे असलेले रंगद्रव्यही शोषून घेतो. उकळत्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व जाते. तेलाने किंवा द्रावकाने अर्क काढला आणि पुढे शुद्धी केली नाही, तर सालीतील मेणाबरोबर औषधही अर्कात दाटून येते. ओझोन वायू किंवा क्लोरीन यांचा वापर करणाऱ्यांनी तर फारच जपावे. कारण काही फॉस्फरसयुक्त औषधांचे त्यांच्या संपर्काने मूळच्याहून अधिक विषारी असे ‘ऑक्सॉन’ होते. मूळ औषध दिसेनासे झाले म्हणून पदार्थ निर्दोष झाला असे नाही. त्याचे कशात रूपांतर झाले, हेही पाहावे लागते.

येथे इतिहासातला एक धडा आठवतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीला लागलेल्या बुरशीचे विष त्याला कारण होते. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते फवारणीचे विष नव्हते, पण त्या घटनेनंतर पेंडीपासून केलेल्या अन्नाकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. पेंड सकस आहे हे जेवढे खरे, तेवढेच ती तपासून घेतली पाहिजे हेही खरे ठरले. आपल्या देशाने तर त्याआधीच, १९५८ साली, केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या गव्हाच्या पिठाने शंभराहून अधिक माणसे दगावलेली पाहिली होती. पुढे १९६८ साली कीटकनाशकांविषयीचा कायदा झाला.

अहवालातील दोन ओळी

हे सारे मी वहिनींना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या गटाचे भांडवल थोडे आणि तीन महिन्यांचे कष्ट त्या सात किलोंत होते. शेवटी गटाने वर्गणी काढून पुडीचा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविला. हल्ली अशा परीक्षेत २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘क्वेचर्स’ नावाची रीत पुष्कळ ठिकाणी वापरतात; नमुना द्रावकाबरोबर घुसळून त्यातील औषधांचे अंश वेगळे करतात आणि यंत्राच्या साहाय्याने शेकडो औषधांचा शोध एकाच वेळी घेतात. तिचे शुल्क गटाला जड गेले, पण त्यांनी ते दिले.

अहवाल आला तो वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडेच आले. नावांची यादी लांबलचक होती आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘आढळले नाही’ असे लिहिले होते. दोन नावांपुढे मात्र आकडे होते. ‘आढळले नाही’ याचाही अर्थ मी वहिनींना नीट सांगितला: यंत्राला जेवढे सूक्ष्म दिसते त्याखाली ते आहे, एवढेच त्यातून कळते, ते मुळीच नाही असे त्यातून ठरत नाही. मग ज्यांच्यापुढे आकडे होते त्यांच्याविषयी तर बोलावयासच नको. त्या साली कोणत्या शेतातून, कोणत्या बाजारातून खानावळीत आल्या, शेवटची फवारणी व तोडणी यांत किती दिवस गेले, हे सांगणारे कोणी नव्हते. वाळलेली पूड आता धुताही येत नव्हती.

“म्हणजे आम्ही फसवणूक करणार होतो का हो?” वहिनींनी विचारले.

“नाही,” मी म्हणाले. “तुम्हांला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे.”

ती पूड गटाने विकली नाही. दुसऱ्या खेपेस त्यांनी खानावळींचा नाद सोडला आणि शहराबाहेरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोडके घेण्याचे ठरविले. तो काय फवारतो आणि केव्हा, हे तो वहीत लिहून ठेवतो. आमच्या शहराचे भाग्य असे, की भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था, जी १९६७ साली स्थापन झाली, ती येथे हेसरघट्ट्यासच आहे. दोडक्याच्या ‘अर्का सुजात’ आणि ‘अर्का सुमीत’ या जाती तिच्याच. टोमॅटोच्या तीन मोठ्या रोगांना तोंड देणारी ‘अर्का रक्षक’ ही संकरित जातही तेथेच निपजली आहे. रोगाला दाद न देणाऱ्या जातीवर त्या रोगासाठी फवारे कमी मारावे लागतात आणि न मारलेला फवारा धुऊन काढावा लागत नाही. भाज्या-फळांच्या पृष्ठभागावरील अंश धुण्यासाठी त्या संस्थेने ‘अर्का हर्बिवॉश’ नावाचे मिश्रणही तयार केले आहे. परंतु कोणतेही धुणे हे शेवटचे पाऊल होय. पहिले पाऊल शेतात पडले पाहिजे.

आपल्या स्वयंपाकघरासाठी

मग आपण दोडक्याच्या शिरा टाकून द्याव्यात काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. अधूनमधून ताटात येणारी चमचाभर चटणी आणि रोज नेमाने घेतलेली दाट पूड यांत मोठा फरक आहे. भाज्या खाण्याचे लाभ एवढे मोठे आहेत, की भीतीपायी भाजीच कमी करणे हे अधिक हानिकारक ठरेल. मात्र साल वापरावयाची असेल तर पुढील गोष्टी आवर्जून पाळाव्यात.

साल काढण्यापूर्वी भाजी अखंड असतानाच धुवावी. चिरल्यानंतर धुतल्यास सालीवरील मळ व औषध कापलेल्या भागात शिरतात. वाहत्या पाण्याखाली हाताने, किंवा दोडक्यासारख्या खोबणीच्या भाजीला मऊ कुंच्याने, चोळावे. त्यानंतर लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात भाजी बारा-पंधरा मिनिटे ठेवावी व पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावी. सोडा नसेल तर लिटरला वीस ग्रॅम, म्हणजे साधारण तीन-चार लहान चमचे, मीठ घातलेले पाणीही चालेल. कपडे किंवा भांडी धुण्याचा साबण भाजीस कदापि लावू नये. भाजीची त्वचा सच्छिद्र असते आणि साबणाचा अंश तिच्यात राहतो.

पाला, देठ आणि साली यांना उकळत्या पाण्याचा दोन मिनिटे चटका द्यावा व ते पाणी टाकून द्यावे. इतर वेळी पाणी टाकू नये असे मीच सांगितले असते. येथे थोड्या जीवनसत्त्वाची किंमत देऊन थोडी निर्धास्ती विकत घ्यावी. पूड करावयाची असल्यास हे सारे वाळवण्यापूर्वी करावे, कारण वाळल्यावर हातात काही उरत नाही. कोठून आली हे ठाऊक नसलेल्या सालीची पूड करू नये, आणि लहान मुलांना अशी पूड रोजच्या नेमाने देऊ नये. बाजारातील पाकिटावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘मुक्त’ असे शब्द दिसले, तर तपासणी कोणत्या खेपेची व केव्हा झाली, हे विक्रेत्याला विचारावे. विचारणारे ग्राहक वाढले, की सांगणारे उत्पादकही वाढतात.

परवा वहिनींच्या नव्या पाकिटाचा मजकूर माझ्याकडे भाषांतरासाठी आला. त्यात ‘मुक्त’ हा शब्द नव्हता. दोडके कोणत्या गावचे, तोडणी कोणत्या तारखेची, साल कशी धुतली, कोणत्या खेपेचा नमुना तपासला आणि अहवाल पाहावयाचा असल्यास कोठे मागावा, एवढे साध्या वाक्यांत लिहिले होते. मला त्यात एकही शब्द बदलावा लागला नाही. कागद परत करताना मी त्यांच्याकडून एक पाकीट विकत घेतले. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात ती चटणी होती, आणि घरातल्या लहानग्यालाही मी ती बोटभर वाढली.